कोण कुठं बसायचं?

माझा जन्म बेलापूरचा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवराकाठचं बेलापूर. हे आधीच सांगावं लागतं, कारण बेलापूर म्हटलं की हल्ली लोकांना नवी मुंबईतलं बेलापूर आठवतं. आणि रेल्वेनं येणारा पाहुणा 'बेलापूर' अशी स्टेशनची पाटी वाचून उतरायचा, तो थेट श्रीरामपुरात! आमचं गाव तिथून दीड-दोन कोसांवर, नदीला लागून. एका काठाला बेलापूर बुद्रुक, दुसऱ्या काठाला बेलापूर खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. म्हणजे बघा, गावांच्या नावातसुद्धा थोरला कोण आणि धाकटा कोण, हे आपण ठरवून ठेवलेलं आहे.

आमचं घर परटाचं. आजोबा लवकर गेले. त्यांच्यामागं आजीनं भट्टी चालवली. गावातली धुणी गाठोड्यांनी घरी यायची. कोणाचं काय हे विसरू नये म्हणून प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याची खूण असायची. आजीला अक्षर येत नव्हतं, पण या खुणा तिला तोंडपाठ. कपडा हातात घेतला की ती सांगायची, हे वाड्यातलं, हे दुकानदाराचं, हे मास्तरांचं. घडीच्या मऊपणावरून तिला माणसाची पायरी कळायची.

मी पुढं शिकलो, मास्तर झालो आणि इतिहास शिकवू लागलो. पुस्तकात मराठेशाहीचे दरबार वाचताना मला सारखी आजीची ती गाठोडी आठवायची. कारण दरबारातसुद्धा प्रत्येक माणसावर एक खूण होती. बिब्ब्याची नव्हे, पण कोण कुठं बसतो, कशातून येतो, त्याच्या डोक्यावर कोण काय धरतो, त्याला पत्रात काय लिहितात, ही ती खूण. आज मला त्या मानाच्या शिडीविषयीच सांगायचं आहे. पेशवाईतल्या बड्या लोकांत वरचा-खालचा कसा ठरायचा, आणि ती शिडी वाड्यातून आमच्यासारख्यांच्या घरापर्यंत कशी पोचली.

वाडा म्हणजे शिडीच

सुरुवात वाड्यापासून करू. जुना वाडा तुम्ही पाहिला असेल. आधी देवडी, मग पहिला चौक, सदर, त्याच्या आत दुसरा चौक, माजघर, देवघर, आणि शेवटी परसदार. हे नुसतं बांधकाम नव्हे. कोणत्या माणसानं कुठवर यायचं, याची ती आखणी आहे. कोणी देवडीवर थांबायचं, कोणी पहिल्या चौकात उभं राहायचं, कोणी सदरेच्या जाजमावर बसायचं, तर कोणाला लोडाशेजारी जागा. आत माजघरापर्यंत जाणारे फक्त घरचे आणि घरचे काम करणारे. काम करणारे मात्र पुढून नव्हे, मागून.

पुण्याचा शनिवारवाडा हा या आखणीचा मोठा नमुना. १० जानेवारी १७३० ला त्याचं काम सुरू झालं आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. मूळ खर्च १६,११० रुपये सांगतात. त्याला पाच दरवाजे. उत्तरेचा भव्य दिल्ली दरवाजा सगळ्यांना माहीत असतो. पण जांभूळ दरवाजा म्हणून आणखी एक आहे, त्याला नाटकशाळा दरवाजा असंही नाव होतं. नाचगाणं करणाऱ्या बायकांची ये-जा तिथून. वाडा एकच, पण कोण कुठल्या दारानं आत येतो यावरून त्याची किंमत ठरत होती.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. त्याच्या थोडं आधी फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारात राणीसमोर कोणाला बसता येईल याचे कडक नियम होते. डचेस पदाच्या बायकांना पाठ नसलेल्या एका लहानशा स्टुलावर बसायचा हक्क असे. बाकीच्या थोरामोठ्यांच्या बायका ताटकळत उभ्या. त्या स्टुलासाठी घराण्याघराण्यांत चुरस चाले. माणूस तिथला असो की इथला, बसायला जागा मिळणं म्हणजे मान मिळणं, हे सगळीकडं सारखंच.

पालखी, अबदागिरी आणि मायना

मराठी दरबारात मानाची चिन्हं ठरलेली होती. हत्ती, पालखी, उन्हापासून आडोसा म्हणून धरायची अबदागिरी, चवरी, नौबत, निशाण. ही विकत घ्यायच्या वस्तू नव्हत्या. पैसा आहे म्हणून कोणी पालखीत बसलं, असं चालत नसे. पालखी सरकारनं द्यायची. कोणाला पालखी दिली की ती वाहणाऱ्या भोयांच्या खर्चाची तरतूदही नेमणुकीत करून देत. म्हणजे मान हासुद्धा हिशेबाच्या वहीत लिहिला जात होता. दरबार उठताना विडा आणि अत्तर-गुलाब देत, त्यातही आधी कोणाला आणि नंतर कोणाला, याला महत्त्व होतं. पोशाख दिला तरी कोणाला किती वस्त्रं, ती कोणत्या प्रतीची, हे ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणं.

पत्राचा मायना हा तर स्वतंत्र विषय आहे. आज आपण सगळ्यांना 'सप्रेम नमस्कार' लिहून मोकळे होतो. तेव्हाच्या कारकुनाला हे परवडत नव्हतं. बरोबरीच्या सरदाराला 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री', विद्वान ब्राह्मणाला 'वेदशास्त्रसंपन्न', लहानाला 'चिरंजीव'. शेवटी कोणाला आशीर्वाद, कोणाला नमस्कार, कोणाला दंडवत, कोणाला रामराम. मायन्यात एक शब्द कमी पडला तर पत्र वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडायची.

नुसत्या 'नमस्कार' या शब्दावरून काय घडलं ते ऐका. ऑगस्ट १७७९ मध्ये मुंबईच्या इंग्रज सरकारनं तिथल्या सोनार समाजाच्या प्रमुखाला कळवलं की तुमच्या लोकांनी अभिवादन करताना 'नमस्कार' म्हणू नये. तो शब्द ब्राह्मणांचा, अशी तेव्हाची समजूत. गंमत अशी की त्याच वर्षी जानेवारीत वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना शरण यायला लावलं होतं. पुणेकर आणि इंग्रज यांचं युद्ध चालू होतं. पण कोणी कोणाला काय म्हणून हात जोडायचे, या बाबतीत इंग्रजांनी इथल्या शिडीला हात लावला नाही, उलट तिला सरकारी शिक्का दिला.

जुने मानकरी, नवे सरदार

आता तुम्ही म्हणाल, या शिडीवर सगळ्यांत वर पेशवे असतील. कागदावर तसं नव्हतं. पेशवे हे साताऱ्याच्या छत्रपतींचे प्रधान. पेशवेपदाची वस्त्रं छत्रपतींकडूनच घ्यावी लागत आणि पेशव्यांच्या शिक्क्यावर आधी छत्रपतींचं नाव, मग स्वतःचं. सत्ता पुण्यात होती, पण मान साताऱ्यात. आणि या दोहोंच्या मधल्या फटीत सगळी भांडणं वाढली.

निंबाळकर, जाधव, घोरपडे अशी जुनी मातबर घराणी होती. त्यांची वतनं पेशव्यांच्याही आधीची, काहींच्या तर छत्रपतींच्या घराण्याशी सोयरिकी. आणि अठराव्या शतकात एकदम वर आली ती नवी माणसं: शिंदे, होळकर, पवार, गायकवाड. यांच्यापाशी फौज होती, मुलूख होता, पैसा होता. पण जुन्यांच्या लेखी ती कालची पोरं. मल्हारराव होळकर धनगराच्या घरातले, जेजुरीजवळच्या होळ गावचे. त्यांनी तलवारीच्या जोरावर माळव्यात राज्य उभं केलं.

आपल्या जिल्ह्यात या साऱ्याच्या खुणा आहेत. जामखेड तालुक्यातल्या चोंडी गावच्या पाटलांची, माणकोजी शिंद्यांची मुलगी होळकरांची सून झाली. तीच अहिल्याबाई. नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेला, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, मुलगा मालेराव १७६७ मध्ये. मागं राहिली एक विधवा. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना वाटलं, एखादा लहान मुलगा दत्तक बसवावा आणि कारभार आपण करावा. त्यांनी राघोबादादांना साथीला घेतलं. बाई, त्यातून विधवा, ती काय करणार, असा हिशेब. अहिल्याबाईंनी तो साफ चुकवला. त्या लढाईला उभ्या राहिल्या, थोरल्या माधवरावांनी त्यांची बाजू उचलून धरली, आणि पुढं १७९५ पर्यंत त्यांनी राज्य केलं. आज जिल्ह्याला त्यांचं नाव आहे. शिडी उलथता येते याचं हे उदाहरण. पण लक्षात घ्या, त्यासाठी त्यांना पदरी फौज आणि खजिना लागला. चोंडीच्या दुसऱ्या कोणा विधवेला तो मार्ग नव्हता.

आणि तेच राघोबादादा! पेशवेपद थोडा काळ मिळालं आणि गेलं. इंग्रजांच्या मदतीनं ते परत मिळवण्याचा खटाटोप १७८२ च्या सालबाईच्या तहानं संपला. दरमहा २५,००० रुपये नेमणूक घेऊन ते आमच्या शेजारच्या कोपरगावला येऊन राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ ला तिथंच वारले. पैसा कमी नव्हता. पण ज्यानं अटकेकडं फौजा नेल्या, त्याला गोदावरीकाठी नेमणुकीवर दिवस काढावे लागले. शिडीवरून उतरणं हे चढण्याहून अवघड असतं.

महादजींच्या वहाणा

आता एक प्रसिद्ध प्रसंग. महादजी शिंदे हे त्या काळातले सगळ्यांत बलाढ्य सरदार. दिल्लीचा बादशहा त्यांच्या मुठीत. आपल्या पारनेर तालुक्यात जामगावला त्यांचा वाडा आहे. १७९२ च्या जूनमध्ये ते पुण्यात आले. बादशहाकडून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुतलक' हा किताब आणि वस्त्रं त्यांनी आणली होती. तेव्हा सवाई माधवराव अठरा वर्षांचे होते.

ग्रँट डफनं १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्या भेटीचं वर्णन आहे. महादजी आले ते हत्तीवरून उतरून, आणि जाऊन बसले सगळ्या मानकऱ्यांच्या खाली. पेशव्यांनी वर बसायला सांगितलं तर म्हणाले, माझी ती योग्यता नाही. मग काखेतलं गाठोडं सोडलं. त्यात नव्या वहाणांचा जोड. तो पेशव्यांपुढं ठेवून त्यांनी सांगितलं की हेच माझं काम, माझ्या वडिलांचंही हेच काम होतं. पेशव्यांच्या पायातल्या जुन्या वहाणा त्यांनी कापडात गुंडाळून काखेला मारल्या आणि मगच वर बसायला राजी झाले.

शाळेत हा प्रसंग सांगितला की मुलं म्हणायची, "सर, केवढी नम्रता!" मीही बरीच वर्षं तेच सांगत होतो. नंतर मात्र मला त्यात दुसरंही काही दिसू लागलं. दरबारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की या माणसाच्या मागं कवायती पलटणी आणि तोफा आहेत. जुने मानकरी आधीच नाराज होते, बादशहाचे किताब त्यांना खुपत होते. त्यांच्या खाली जाऊन बसून महादजींनी त्यांचं तोंड बंद केलं. खाली बसणं ही त्यांची खेळी होती, कारण वर बसणं त्यांच्या हातात होतं. रोज वहाणा उचलणारे नोकर त्या वाड्यात किती असतील! त्यांच्यापैकी एकाचंही नाव इतिहासात नाही. महादजींनी एकदाच उचलल्या, आणि तो इतिहास झाला.

ज्याला वर बसता येतं त्यानं खाली बसणं म्हणजे नम्रता. ज्याला खालीच बसावं लागतं त्याच्या बसण्याला कोणी नाव देत नाही.

शिडीच्या खालचे

वाड्याच्या परसात आणखी एक जग होतं. त्या काळच्या कागदांत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द येतात. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, तर विकत घेतलेली किंवा सरकारजमा झालेली गुलाम बाई. लढाईत धरून आणलेल्या, दुष्काळात आईबापांनी विकलेल्या, बदकर्माचा आरोप शाबीत होऊन सरकारात जमा केलेल्या अशा या बायका. दळण, पाणी, झाडलोट, शेणगोठा, कोठारातली कामं त्यांच्याकडं. त्यांची खरेदीखतं होत, त्या बक्षीस दिल्या जात. त्यांच्यातही पुन्हा पायऱ्या: जिच्या हातचं पाणी चालतं ती आत, जिच्या हातचं चालत नाही ती बाहेर. गुलामीला कायद्यानं मान्यता नाही, असं इंग्रज सरकारनं जाहीर केलं ते १८४३ साली.

रक्तानं थोर असूनही शिडीबाहेर राहिलेले होते, तसंही एक उदाहरण आहे. पहिला बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेरबहाद्दर. बाप पेशवा, पण मुंज होणं शक्य नव्हतं. तो मुसलमान म्हणूनच वाढला. १७६१ मध्ये पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि त्या लढाईतल्या जखमांनी गेला. मरायला तो घरचा होता, पंगतीला मात्र परका.

वाड्यातली ही शिडी गावात जशीच्या तशी उतरली होती. पाटीलकी विकल्याची जुनी खतं वाचा. अर्धी पाटीलकी विकताना जमिनीबरोबर मानाचीही वाटणी व्हायची. आधी विडा कोणी घ्यायचा, पोळ्याला कोणाचा बैल पुढं, होळीला पहिली पोळी कोणाची. या पोळीवरून आणि बैलावरून पिढ्यान्पिढ्या तंटे चालले, लोक सरकारापर्यंत गेले. बलुतेदारांच्याही थोरली, मधली, धाकटी अशा तीन ओळी. कोणाला कुठं घालायचं ते गावोगाव थोडं बदलायचं, पण ओळी मात्र ठरलेल्या. सुगीत धान्य मिळायचं तेही ओळीप्रमाणं.

आमच्याकडं परटाला लग्नात पायघड्या घालायचा मान. वरात आली की धुतलेली वस्त्रं जमिनीवर अंथरायची, पाहुण्यांनी त्यावरून चालत जायचं, आणि मागून आम्ही ती गोळा करत जायचं. लहानपणी मीही गोळा केली आहेत. त्याला 'मान' म्हणत. ज्यांच्या पायांखाली कापड, त्यांचा मान, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

साहेबांची शिडी

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मग शिडी मोडली का? नाही. साहेबानं ती नीट आखून घेतली. दख्खनच्या सरदारांची यादी झाली आणि त्यांचे तीन वर्ग पाडले: पहिल्या वर्गाचे सरदार, दुसऱ्या वर्गाचे, तिसऱ्या वर्गाचे. त्यांचे दावे पाहायला स्वतंत्र अधिकारी, त्याला 'एजंट फॉर सरदार्स' म्हणत. जाजमाच्या जागी खुर्च्या आल्या आणि दरबारात कोणाची खुर्ची कितवी, यावर पूर्वीइतकीच धुसफूस सुरू झाली.

पुढं १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि आमच्या भागात गाडी आली. तिथंही पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग. फरक एक मात्र झाला. रेल्वेचा वर्ग जन्मानं नव्हे, तिकिटानं ठरत होता. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात कोण कोणाला लागून बसला, हे बघणं कोणाला शक्य नव्हतं. आजी म्हणायची, "गाडीत समदे सारखेच कोंबल्यात." गांधीजी तिसऱ्या वर्गातून हिंडले आणि १९१७ मध्ये त्यांनी तिथल्या हालांवर लिहिलं. तेही स्वतःहून खाली बसलेले. पण एका प्रसंगापुरते नव्हे, वर्षानुवर्षं. रेल्वेनं तिसरा वर्ग बंद केला १९७४ मध्ये.

स्वातंत्र्यानंतर कायद्यानं एकेक पायरी काढली. १९५० च्या राज्यघटनेनं अस्पृश्यता संपवली, किताब बंद केले. १९५८ मध्ये महार वतनं आणि त्याबरोबरची बाकीची कनिष्ठ वतनं गेली. त्या कायद्याच्या इंग्रजी नावातच 'इन्फीरिअर' हा शब्द आहे. शिडी मोडायच्या कायद्यालासुद्धा शिडीचीच भाषा वापरावी लागली! १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटीलकी गेली, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे गेले. कागदावर आता कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही.

वाड्यातली सदर

आता घरची गोष्ट सांगून थांबतो.

मी नोकरीला लागलो त्याच वर्षाची ही गोष्ट. गावातल्या एका जुन्या वाड्यात आजीचं जाणं-येणं होतं. तिचा रस्ता परसदाराचा. एकदा गौरी-गणपतीत धुण्याचं गाठोडं जड होतं म्हणून मी तिच्याबरोबर गेलो. मला पाहून वाड्याचे मालक स्वतः पुढं आले. "मास्तर, तुम्ही मागून कुठं? पुढं या, सदरेवर बसा." मी पुढून गेलो. सदरेवर बसलो, लोडाला टेकलोसुद्धा. चहा आला, कपबशीतून. शाळेच्या गोष्टी निघाल्या. आजी चौकात गाठोड्याशेजारी उभी होती. मला ती दिसत होती. मालकांनी तिला बस म्हटलं नाही. त्यांचं ते नेहमीचंच होतं.

परतताना नदीच्या वाटेला लागलो, तेव्हा ती म्हणाली, "बसला त्ये बरं केलं. पन मला 'बस' म्हनला नाहीस."

मी काय बोलणार? वाड्याला दोष देणं सोपं होतं. पण त्या अर्ध्या तासात सदरेवर मी होतो. मला जागा मिळाली होती, आणि ती टिकावी म्हणून मी गप्प बसलो होतो.

काही दिवसांनी मी तिला एक प्रश्न विचारला. तो खरं तर लहानपणीच पडायला हवा होता. म्हटलं, "आजी, सगळ्या गावाची धुणी आपल्याकडं येतात. महारवाड्यातली कधी का नाही आली?" ती भट्टीत लाकूड सारत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांची घेतली असती, तर वाड्यातली मिळाली असती का?"

त्या एका वाक्यात मला शिडी कशी उभी राहते ते कळलं. माझ्या पुस्तकांत ते असं कुठं सापडलं नव्हतं. वरचा माणूस खालच्याला दाबतो, एवढंच ते नसतं. प्रत्येक पायरीला आपली जागा जाण्याचं भय असतं, आणि त्या भयापोटी ती आपल्या खालच्या पायरीला खालीच ठेवते. मानकरी शिंद्यांना खाली पाहत होते, शिंदे आपल्या नोकरांकडं पाहत नव्हते. वाडा आजीला उभं करत होता आणि आजी महारवाड्याचं गाठोडं घेत नव्हती. आजी दुष्ट नव्हती. तिला घर चालवायचं होतं. पण त्यामुळं त्या वस्तीच्या वाट्याला जे आलं, ते काही कमी होत नाही.

आज बेलापुरात भट्ट्या दिसत नाहीत. घरोघरी धुलाई यंत्रं आली. वाड्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती झाल्या. पण शिडी गेली असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या मांडवात पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर कोणी बसायचं, सत्काराची शाल आधी कोणाला, निमंत्रणपत्रिकेत कोणाचं नाव कितव्या ओळीत, मोलकरणीला चहा कोणत्या कपात, मोठ्या सोसायटीत कामवाल्यांनी कोणत्या लिफ्टनं जायचं, हे सगळं पाहिलं की मला मायने, पालख्या आणि जांभूळ दरवाजा आठवतो.

वाड्यातल्या त्या दिवसानंतर मी स्वतःपुरता एक नियम केला. वर्गात असो, कार्यक्रमात असो, मला कोणी बसायला सांगितलं की आधी मागं वळून बघायचं, कोण उभं आहे. दर वेळी जमलं असं नाही. आजी आणखी नऊ वर्षं जगली. पुढं एकदा त्याच वाड्यात लग्नाच्या निमित्तानं आम्ही दोघं गेलो. या वेळी मी चौकातच थांबलो आणि तिला म्हटलं, "आजी, तू आधी बस." ती सदरेच्या कडेला, अगदी पायरीवर टेकली. मालकांनी आत पाहिलं, मग बाहेर पाहिलं, आणि आतून पाट मागवला.

आजी पाटावर बसली. जरा वेळानं मला हळूच म्हणाली, "सावलीतलं बरं वाटतं रे." मग तिनं वाढपी मुलाला हाक मारली आणि वाड्याच्या दाराशी उन्हात बसलेल्या वाजंत्र्यांकडं बोट दाखवून सांगितलं, "त्यास्नी बी आत बोलीव."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)